नंबर कधी लागणार?

"माझ्यानंतर टाकलेला तिचा जॉब आधी कसा लागला? वशिला असणार, दुसरं काय!"

शेवटच्या वर्षाला असताना भर लॅबमध्ये मी एका ज्युनियर मुलीबद्दल हे बोललो होतो. चूक माझीच होती. ती कशी, ते समजलं की क्लस्टर अर्धा समजला, म्हणून हा लेखप्रपंच.

आमचा प्रोजेक्ट कृष्णेच्या पुराचा. कराडच्या प्रीतिसंगमावरून निघालेलं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाशी किती वेळात, किती उंचीने पोहोचतं याचं गणित. ऑगस्ट २०१९ चा महापूर पाहिलेल्या आम्हा मुलांना हा विषय जिव्हाळ्याचा. सबमिशनला चार दिवस उरले होते आणि जॉब रांगेतच!

क्लस्टर म्हणजे नेटवर्कने जोडलेले अनेक संगणक. त्यातला प्रत्येक संगणक म्हणजे एक नोड. आपण शिरतो तो लॉगिन नोड. तिथे फक्त अर्ज द्यायचा: किती नोड हवेत आणि किती वेळ. पुढचं वाटप शेड्यूलर करतो. आमच्याकडे स्लर्म होता. पुण्याच्या आयसरमधील 'परम ब्रह्म' या महासंगणकावरही तोच आहे. 'एस-बॅच'ने जॉब टाकायचा, 'एस-क्यू'ने रांग पाहायची, 'एस-इन्फो'ने नोडची स्थिती.

सातारा-सांगलीच्या पोरांना हे अवघड नाही. साखर कारखान्यावर उसाची गाडी आली की आधी नंबर, मग वजनकाटा, मग गव्हाण. लॉगिन नोडवरच प्रोग्रॅम चालवणं म्हणजे काट्यावरच मोळ्या उतरवणं. मागच्या सगळ्यांचा खोळंबा!

आता माझी चूक. सरांनी फळ्यावर आकडे मांडले. एकूण नोड ८. त्यातले ६ अजून ५ तास गुंतलेले, २ मोकळे. रांगेत पहिल्या जॉबला आठही नोड हवेत, म्हणजे तो ५ तासांनी सुरू होणार. तोवर ते २ नोड रिकामेच. त्या मुलीने १ नोड २ तासांसाठी मागितला होता. तिचं काम पहिल्याचा नंबर यायच्या आत संपणार, कुणाचंच नुकसान नाही. म्हणून शेड्यूलरने तिला मधल्या फटीत बसवलं. याला बॅकफिल म्हणतात. मी १ नोड मागितला, पण 'असू दे जास्तीचा' म्हणून ७२ तासांसाठी. मला आत घेतलं असतं तर पहिल्याला तीन दिवस थांबावं लागलं असतं.

"तुझ्या प्रोग्रॅमला खरोखर किती वेळ लागतो?" सरांनी विचारलं.

"तीन तास, सर."

लॅबमध्ये हशा पिकला. जुना जॉब रद्द करून मी ४ तास मागितले, आणि जॉब लगेच सुरू झाला. त्या मुलीची माफीही मागितली.

मात्र वेळ अगदी काठावरही मागू नये. मुदत संपली की शेड्यूलर जॉब मारून टाकतो. म्हणून आधी छोटा जॉब चालवून अंदाज घ्यावा, थोडा वेळ वर धरावा आणि मधले निकाल डिस्कवर साठवत राहावं. मग जॉब मेला तरी सुरुवातीपासून येरे माझ्या मागल्या नको.

नोड बिघडू लागला तर? ॲडमिन त्याला 'ड्रेन' करतो. आत चाललेलं काम पुरं होऊ द्यायचं, नवीन घ्यायचं नाही. मग दुरुस्ती. 'एस-इन्फो'त असा नोड दिसला तर घाबरू नका. शिवाय 'फेअरशेअर' लावलेला असेल तर ज्याने अलीकडे क्लस्टर जास्त वापरला, त्याचा अग्रक्रम आपोआप खाली येतो. इथे वशिला चालत नाही तो असा!

तेव्हा मित्रांनो, नंबर लागत नसेल तर आधी आपला अर्ज पाहा. गरजेपुरतं आणि खरं मागा. रांग सगळ्यांचीच आहे.