ट्रकचा बंपर, पट्ट्या आणि रंग : हंगामाआधी करावयाचे एक काम

गाळप हंगाम तोंडावर आला की ऊस वाहतुकीचे ट्रक रंगाऱ्याच्या दारात रांगेने उभे राहतात. कुणाला चकचकीत बंपर काळा हवा, तर कुणाला जाळी भगवी. हौसेला आमची हरकत नाही. आम्ही स्वतः दोघे भाऊ भागीदारीत ट्रक चालवतो आणि ही हौस आम्हीही केली. पण ती अंगाशी आली, म्हणून हे चार शब्द.

आमच्या बंपरला व दाराच्या पट्ट्यांना क्रोमचा मुलामा होता. रंगाऱ्याने कापडाने पुसून वर काळा रंग मारला. घाई आमचीच होती, तोडीची तारीख लागली होती. पंधरा दिवसांत रंगाचे पापुद्रे सुटू लागले.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. लोखंडावर आधी निकेलचा थर असतो, त्यावर क्रोमचा. क्रोमचा थर बहुधा एका मायक्रॉनहूनही कमी, पण अतिशय कठीण आणि गुळगुळीत. त्यावर रंगाला पकडच मिळत नाही. शिवाय त्याला बारीक छिद्रे पडली की पाणी आत शिरून लोखंड गंजते. उसाचा रस किंचित आम्लधर्मी आणि चिकट. फडातला चिखल त्यावर बसतो, ओल धरून ठेवतो, मग गंजाला दुसरे काय हवे?

तेव्हा क्रोमवर रंग द्यायचा तर आधी साबणाच्या पाण्याने माती आणि रसाचा चिकटा काढावा, मग थिनरने तेल-ग्रीस. त्यानंतर वॉटर पेपरने, साधारण ३२० नंबरच्या, सगळीकडे घासावे. चमक पूर्ण मेली पाहिजे. खाचा आणि नटाभोवतीची जागा सुटते, आणि पापुद्रा तिथूनच निघतो. घासून झाल्यावर पाणी ओतून बघा. पाण्याचे थेंब गोळा झाले तर तेलकटपणा राहिला आहे, एकसारखा पडदा पसरला तर काम झाले. मुलामा जिथे आधीच सुटत असेल, तिथला उचललेला भाग आणि खालचा गंज पत्रा उघडा पडेपर्यंत काढावा. गंजावर रंग म्हणजे जखमेवर झाकण. सुकल्यावर इपॉक्सी प्रायमर, मग रंगाचे दोन-तीन पातळ हात. जाड एकच हात मारला की ओघळ येतात. पावसाळी दमट हवेत हे काम करू नये. रंगावर पांढुरकी झाक येते.

साध्या लोखंडी पट्टीला रेड ऑक्साइड चालतो. प्लॅस्टिकच्या भागाला मात्र प्लॅस्टिकचाच वेगळा प्रायमर लागतो. दोन डब्यांचे पीयू रंग फवारताना नुसता रुमाल बांधून भागत नाही, योग्य मास्क हवा. त्यातले आयसोसायनेट दम्याला निमंत्रण देते. थिनरजवळ बिडी-काडी नको, हे सांगायची वेळ येऊ नये.

आता खरी गोष्ट. रंगाऱ्याने मागच्या बाजूची लाल परावर्तक पट्टीही काळ्या रंगाखाली घातली होती, आणि आम्ही बघितले नाही. एका रात्री टायर फुटला म्हणून गाडी रस्त्याकडेला उभी होती. मागून मोटारसायकलवर एक तरुण आला. लोंबत्या वाढ्यांनी मागचा दिवा झाकलेला, पट्टी नाही. त्याला ट्रक दिसला तो पाच-सहा हातांवर. तो खड्ड्यात उतरला म्हणून वाचला. हात मोडला. आम्ही त्याला गावच्या दवाखान्यात नेले. बंपर किती शोभतो हे त्या रात्री कुणाला सुचणार?

म्हणून रंग देण्याआधी पट्ट्या, दिवे व नंबर पाटी कागदाने झाका. पट्टीवर थोडा रंग उडाला तरी ती बदलून टाका. पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल. गाडीचा मुख्य रंग बदलायचा असेल तर नोंदणी पुस्तकातही तो बदलून घ्यावा लागतो. आणि मोळ्या रचल्यावर मागे वीस पावले जाऊन एकदा बॅटरीचा झोत टाकून बघा. आमचा ड्रायव्हर आता प्रत्येक खेपेला वजनकाट्याकडे निघण्यापूर्वी वाढे छाटतो आणि हे बघतो.