गाडीत वायरलेस बसवताना

प्रश्न : सह्याद्रीच्या घाटात मोबाइलला रेंज नसते. जीपमध्ये वायरलेस सेट बसवला तर चालेल का?

उत्तर : चालेल, पण आधी परवाना. हॅम रेडिओची परीक्षा देऊन केंद्र सरकारचा परवाना व कॉलसाइन मिळवा. वयाची बारा वर्षं पूर्ण असली की पुरे. मात्र या लहरींवर धंद्याचं बोलणं चालत नाही. भाड्याच्या गाड्यांचा कारभार त्यावर करू नका.

आता जोडणी. ५० वॅटचा सेट दहा-बारा अँपिअर ओढतो, म्हणून लायटरच्या सॉकेटवर तो लावूच नका. वायर थेट बॅटरीवरून घ्या आणि फ्यूज बॅटरीजवळच बसवा; वायर घासून शॉर्ट झाली तर गाडी पेटायला वेळ लागत नाही. हॅमच्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी अर्ध्या मीटरचा अँटेना टपाच्या मधोमध उत्तम. बंपरवरचा दिसतो रुबाबदार, ऐकू कमी येतं!