देठ टाकू नका, लावा!

रक्त कमी असलेल्या स्त्रियांना मी नेहमी सांगतो, "रोज काहीतरी हिरवे पोटात जाऊ द्या." परवा एक बाई चटकन म्हणाल्या, "डॉक्टर, जुडी केवढ्याला झाली, ठाऊक आहे का?" त्यांचे खरे होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. औषधाची चिठ्ठी लिहिणे सोपे, पण ताटात भाजी कोठून यावी? तेव्हा आज आपल्या स्वयंपाकघरातच पाहू.

कोंब आलेला कांदा फेकू नका. तळाला भोक असलेल्या जुन्या डब्यात माती भरून तो अर्धा पुरा. दोन आठवड्यांत पात येते. बुडापासून दोन बोटे ठेवून कापली की पुन्हा फुटते; दोन-तीन कापण्यांनंतर मात्र कांदा थकतो. लसणाची पाकळी टोक वर करून लावावी. तिचीही पात आमटीत, चटणीत छान लागते.

पुदिन्याची पाने खुडल्यावर जाडसर काड्या उरतात. खालची पाने काढून त्या पेल्यात अशा ठेवा की एखाद-दुसरे पेर पाण्यात बुडेल. आठ-दहा दिवसांत मुळ्या फुटल्या की मातीत लावा. मेथीचे दाणे तर प्रत्येक मसाल्याच्या डब्यात असतात. मूठभर दाणे रात्री भिजवून सकाळी मातीवर पसरा व वर पातळ थर द्या. पंधरा दिवसांत कोवळी मेथी खुडता येते. धणे मात्र लाटण्याने हलके रगडून दुभंगून मगच पेरावेत. डोळा फुटलेले आले वैशाख-ज्येष्ठात लावावे. त्याला आठ-नऊ महिने धीर धरावा लागतो.

मुळ्याचा शेंडा बशीतल्या पाण्यात ठेवला तर नवा मुळा मिळेल, असा काहींचा समज असतो. तसे होत नाही, फक्त पाला येतो. पण तोही भाजीत चालतो.

आता तीन गोष्टी जपा.

पहिली, बटाट्याची. हिरवा पडलेला किंवा फार कोंब आलेला बटाटा खाऊ नये. त्यात सोलानिन नावाचे विष वाढते. ते शिजवूनही जात नाही आणि उलट्या, पोटदुखी, जुलाब होतात. असा बटाटा कुंडीत खुशाल लावा. पण त्याच्या झाडाची पाने किंवा हिरवी फळे भाजी समजून खाऊ नका.

दुसरी, पाण्याची. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातही अंडी घालतो. खिडकीतला पेला, कुंडीखालची बशी ही त्याला आयती जागा. दर दोन दिवसांनी पाणी बदला आणि भांडे आतून घासा, कारण अंडी कडेला चिकटून राहतात. पुदिना हवा, ताप नको!

तिसरी, स्वच्छतेची. देठ बुळबुळीत झाला किंवा वास आला तर टाकून द्या. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी झाडांना घाला, साबणाचे नको. पाने खाण्यापूर्वी नीट धुवा.

या डब्यांतून घरची सगळी भाजी निघेल, असे मी म्हणणार नाही. मूठभर पाने निघतात. त्यांचा गुण वाढवणे आपल्या हाती आहे. शिजलेली मेथी ताटात वाढल्यावर तिच्यावर लिंबू पिळा. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे भाजीतील लोह अंगी लागते. जेवणाला लागून चहा घेऊ नका. त्याने लोह कमी शोषले जाते. निदान तासाभराचे अंतर ठेवा. आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या पालेभाजी खाते म्हणून बंद करू नका. रक्तक्षय झाल्यावर एकट्या भाजीने तो भरून निघत नाही.

त्या बाईंना मी गोळ्या लिहून दिल्या आणि मेथी पेरायलाही सांगितले. पुढच्या खेपेस त्या आल्या. "दाणे उगवले, पण पहिली खुडणी घरातल्या पुरुषांच्या ताटात गेली," म्हणाल्या. पुढची मूठ तुमच्या ताटात, असे मी त्यांना बजावले आहे. वाचक भगिनींनो, तुम्हालाही हेच सांगणे!