इंग्रजीतील ‘ओल्ड’ हे विशेषण : अर्थ व अध्यापन

तिसरीच्या वर्गात इंग्रजीचा तास चालला होता. शाळा द्विशिक्षकी, त्यामुळे चौथीची मुलेही त्याच खोलीत पाठ फिरवून गणिते सोडवीत बसली होती. गुरुजींनी पुढच्या रांगेतील एका मुलास विचारले, ‘हाऊ ओल्ड आर यू?’ मुलगा उभा राहिला, क्षणभर थांबला आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, ‘आय अ‍ॅम नॉट ओल्ड. माय ग्रँडफादर इज ओल्ड.’ वर्ग हसला. माझ्यासमोर फजिती झाली असे वाटून गुरुजींनी ‘चूक’ म्हटले आणि ‘आय अ‍ॅम एट इयर्स ओल्ड’ हे वाक्य त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतले. मुलाने ते म्हटले. परंतु तास संपेपर्यंत त्याचा हात पुन्हा वर झाला नाही.

या उत्तराकडे शिक्षकबंधुभगिनींनी नीट पाहावे. दोन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत. नकार योग्य जागी आहे, क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलले आहे, आणि मुख्य म्हणजे ती पाठ केलेली नसून मुलाने स्वतः रचलेली आहेत. अशी वाक्ये ऐकावयास मिळावीत म्हणून तर आपण तास घेतो. मधल्या सुट्टीत मी त्याची वही पाहिली. तीत लिहिले होते : ‘ओल्ड म्हणजे म्हातारा, जुना.’ वही परत घेताना तो म्हणाला, ‘‘साहेब, मी आठ वर्षं म्हातारा कसा?’’

गुरुजींना दोष देण्याचा अधिकार मला नाही. मी शिक्षक असताना फळ्यावर हाच अर्थ अनेक वर्षे लिहिला आहे. आमच्या पिढीने इंग्रजीची मुळाक्षरे पाचवीत गिरविली. त्या वयात अर्थ जुळला नाही तरी मूल वाक्य पाठ करून पुढे जात असे. 2000 साली आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. सहा-सात वर्षांचे मूल शब्दाचा सांगितलेला अर्थ खरा मानून चालते, आणि तो खरा मानल्यावर जे निघते तेच बोलते.

या अडचणीची किल्ली मराठीतच आहे. ‘दोरी किती लांब आहे?’ असे आपण विचारतो. उत्तर ‘वीतभर’ असले तरी प्रश्न चुकला असे कोणी म्हणत नाही. ‘किती लांब’ म्हणताना दोरी लांब असल्याचे आपण गृहीत धरीत नाही. केवळ माप विचारतो. ‘खड्डा किती खोल’, ‘फळी किती जाड’ हे प्रश्नही तसेच. लांबीसाठी आपण ‘लांब’ हे विशेषण जसे वापरतो, तसेच इंग्रजी माणूस वयाचे माप घेण्यासाठी ‘ओल्ड’ वापरतो. वयाच्या बाबतीत मात्र मराठीची रीत निराळी आहे. आपण ‘वय किती?’ असे नामाने विचारतो आणि ‘आठ वर्षांचा’ असे प्रत्ययाने उत्तर देतो. म्हणजे ‘एट इयर्स ओल्ड’ यातील ‘ओल्ड’चा मराठी पर्याय ‘म्हातारा’ नाही, ‘जुना’ही नाही; ‘वर्षांचा’ यातील शेवटचा ‘चा’ हाच त्याचा पर्याय होय.

शब्दाचे मूळही हेच सांगते. ‘ओल्ड’ ज्या प्राचीन धातूपासून आला, त्याचा अर्थ वाढणे, पोसणे असा होता. म्हणजे मूळ अर्थ ‘वाढलेला’. आठ वर्षे वाढलेला मुलगा म्हटले की कोडे उरत नाही. हे मुलांना सांगण्याची गरज नाही. शिक्षकाला ठाऊक असावे, इतकेच.

पाठाचा क्रम मी आता असा सुचवितो. प्रथम सुतळीचे दोन-तीन तुकडे घेऊन ‘हाऊ लाँग?’ हा प्रश्न मराठीतील ‘किती लांब?’ शेजारी ठेवावा. मग वर्गातील कोणाच्या गोठ्यात नुकते वासरू झाले असेल त्याविषयी बोलावे : ‘द काफ इज टू मन्थ्स ओल्ड.’ दोन महिन्यांचे वासरू कोणालाही म्हातारे वाटत नाही, म्हणून हे उदाहरण मुलाच्या वयाच्या आधी यावे. त्यानंतर शाळेची विहीर, आवारातील कडुनिंब, शेवटी मुले स्वतः. ‘म्हातारा’ व ‘जुना’ हे अर्थ दुसऱ्या दिवशी द्यावेत. त्याच तासाला दिल्यास पुन्हा गोंधळ होतो.

ते अर्थ देताना विरुद्धार्थी शब्द कामी येतात. माणसाच्या वयाविषयी ‘ओल्ड’च्या विरुद्ध ‘यंग’, वस्तूविषयी ‘न्यू’. पण ‘ओल्ड फ्रेंड’ याच्या विरुद्ध ‘यंग फ्रेंड’ होत नाही, ‘न्यू फ्रेंड’ होते. कारण येथे मित्राचे नव्हे, मैत्रीचे वय मोजले जाते. अंगणवाडीपासूनचा सोबती आठ वर्षांच्या मुलाचाही ‘ओल्ड फ्रेंड’ असतो. शिळ्या भाकरीस मात्र ‘ओल्ड’ म्हणण्याचा प्रघात नाही, तेथे ‘स्टेल’.

‘पूर्वीचा’ हा आणखी एक अर्थ. बदली झालेल्या शिक्षकास तो सांगावयास नको : ‘माय ओल्ड स्कूल’ म्हणजे पूर्वी मी जेथे होतो ती शाळा, मग तिची इमारत गेल्या वर्षी बांधलेली का असेना. ‘माय ओल्ड टीचर’ हे शब्द मात्र जपून वापरावयास शिकवावेत. मुलाला पूर्वीचे शिक्षक अभिप्रेत असतात. ऐकणारा वयस्क शिक्षक समजू शकतो. समोरच्या वृद्धास ‘ओल्ड मॅन’ म्हणणे आपल्याकडील ‘ए म्हाताऱ्या’इतकेच उद्धटपणाचे. तेथे ‘एल्डरली’ हा शब्द सभ्य.

हेमिंग्वे यांच्या 1952 साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीच्या नावातच ‘ओल्ड मॅन’ आहे. पु. ल. देशपांडे यांनी तिचा मराठी अनुवाद करताना ‘एका कोळियाने’ हे नाव दिले. त्यात म्हाताराही नाही आणि समुद्रही नाही. शब्दास शब्द ठेवण्याची सक्ती मोठ्या अनुवादकाने मानली नाही, मग आपणच मुलाच्या वहीत ती का करावी?

दोन चुका उत्तरपत्रिकांत वारंवार आढळतात. ‘शी इज फाइव्ह इयर्स ओल्ड’ यात ‘इयर्स’ अनेकवचनी. परंतु नामाच्या आधी सर्व शब्द जोडून आले की ‘ए फाइव्ह-इयर-ओल्ड गर्ल’ असे एकवचन राहते. दुसरी चूक ‘एल्डर’ची. ‘माय एल्डर ब्रदर’ म्हणजे माझा थोरला भाऊ, हे ठीक. पण तुलनेत ‘दॅन’ आले की ‘ही इज ओल्डर दॅन मी’ असेच म्हणावे. ‘एल्डर’ हे जुने रूप असून आता ते बहुधा नात्यांपुरते उरले आहे.

त्या मुलाच्या उत्तराला ‘राइट’ म्हणून पुढे ‘अँड हाऊ मेनी इयर्स?’ एवढे विचारले असते, तरी त्याचे त्याला ‘एट’ सापडले असते. त्या वेळी ते मला सुचले नाही. मी मागच्या बाकावर बसून तपासणीचा तक्ता भरीत होतो.