झेपेल एवढाच नेम

चैत्र शुद्ध प्रतिपदा जवळ आली की आमच्या मुळशी खोऱ्यात दोन कामांची घाई उडते. शेतात भाताच्या रोपांसाठी राब भाजले जातात, आणि घरोघर नव्या वर्षाचे नेम धरले जातात. राब भाजणारा शेतकरी माप जाणतो. तो एका लहानशा तुकड्यात रोप तयार करतो आणि पावसाळ्यात त्याच रोपाने सगळी खाचरे भरतो. नेम धरणारा मात्र बहुधा हे माप विसरतो. त्या मापाविषयीच आज बोलावयाचे आहे, आणि आमच्याच एका चुकीपासून आरंभ केलेला बरा.

काही वर्षांपूर्वी पाडव्यास पौडाजवळच्या एका गावी आमचे कीर्तन झाले. कीर्तन संपताच तिशीतला एक तरुण पुढे आला. हिंजवडीस रात्रपाळीची नोकरी, आणि संगतीने लागलेली दारू. "महाराज, माळ घाला," म्हणाला. मंडळींनी नामाचा गजर केला, आणि आम्हीही भरात आलो. माळ तर घातलीच. शिवाय रोज संपूर्ण हरिपाठ, पहाटे काकड्यास हजेरी, दर महिन्यास आळंदी, असे एकामागून एक नेम सांगत गेलो. तो बिचारा प्रत्येकास मान डोलावीत गेला.

पंधरा दिवस त्याने सगळे पाळले. मग एकदा रात्रपाळीहून येऊन डोळा लागला, काकडा चुकला. एक चुकला म्हणून दुसरा, दुसरा चुकला म्हणून हरिपाठ. महिना भरण्याच्या आत माळ काढून त्याने देव्हाऱ्यात ठेवली आणि देवळाची पायरी सोडली. पुढे त्याची आई आम्हांस भेटली. म्हणाली, "महाराज, आधी प्यायचा, पण देवळात तरी यायचा. आता तेबी गेलं."

ह्या बोलण्याने आमची झोप उडाली. पाठशाळेत शिकलेले शब्द पुन्हा तपासावेसे वाटले. 'संकल्प' हा शब्द ज्या धातूपासून आला, त्याचा अर्थच मुळी 'सामर्थ्य असणे' असा आहे. म्हणजे जे आपल्या सामर्थ्यात बसते, त्याचाच संकल्प होऊ शकतो. पूजेच्या आरंभी आपण संकल्प सोडतो, तेव्हा काय करतो? संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार असे सांगत सांगत आजच्या दिवसावर येतो, आणि मग अमुक एक कर्म करीन असे म्हणतो. जन्मभराचे ओझे त्या पळीभर पाण्यात कोणी घालीत नाही.

आणि वारकऱ्यास हे निराळे शिकवावयास हवे काय? आळंदीहून माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीस निघते आणि आषाढ शुद्ध दशमीस पंढरीस पोहोचते. वाट सुमारे अडीचशे किलोमीटरांची. ती एका दमात कोणी चालत नाही. आज पुणे, पुढे सासवड, मग जेजुरी, असे मुक्काम ठरलेले असतात. पुणे ते सासवड ही दिवे घाटाची चाल लांब, तर लोणंद ते तरडगाव अगदी थोडकी. पण त्या थोडक्या वाटेवरच चांदोबाच्या लिंबापाशी पहिले उभे रिंगण होते. चाल थोडी म्हणून आनंद थोडा, असे नाही. वारकरी सकाळी निघताना पंढरी मनात ठेवतो आणि पाय मात्र आजच्या मुक्कामाकडे लावतो.

आता थोडा हिशेब पाहू. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे ९,०००. 'यंदा ज्ञानेश्वरी वाचीन' असे म्हणणारा पुष्कळदा पहिल्या अध्यायातच थांबतो. पण रोज २५ ओव्या वाचल्या, तर ३६० दिवसांत ग्रंथ पुरा होतो. पाव तासाचे काम. तेही न झेपेल त्याने बारावा अध्याय घ्यावा. त्याच्या ओव्या २४७. रोज १० घेतल्या तर २५ दिवसांत एक अध्याय पदरात पडला! गीतेचे श्लोक ७००. रोज २ म्हटले की वर्षात गीता झाली. नित्याचा हरिपाठ जमत नसेल तर एकच अभंग, पण अर्थ मनात धरून. वर्षात एकादश्या २४. सगळ्या होत नसतील तर आधी दोन मोठ्या धराव्यात.

नेम निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, नेम चांगल्या दिवसाच्या मापाने घेऊ नये. ताप आला, पाहुणे आले, शेतात लावणी चालली, अशा वाईटात वाईट दिवशीही जो होईल, तोच धरावा. दुसरी, त्याला जागा आणि वेळ बांधून द्यावी. 'सवड मिळेल तेव्हा' म्हटलेल्या नेमास सवड कधीच मिळत नाही. 'सकाळी चहाच्या आधी, देव्हाऱ्यापुढे' म्हटले की पाय आपोआप वळतात. तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची: एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरपाई करू नये, आणि सोडूनही देऊ नये. होता तेवढाच पुन्हा सुरू करावा. पतंजली मुनी अभ्यास दृढ होण्यास दीर्घ काळ, सातत्य आणि आदर सांगतात. मोठेपणा हवा, असे काही ते सांगत नाहीत.

असो. त्या तरुणाच्या घरी आम्ही गेलो. ओटीवर बसलो, तो मान वर करीना. आम्ही म्हणालो, "बाळ, चूक तुझी नव्हे. ओझे आम्ही जास्त लादले. आता एकच कर. कामावरून आलास की हातपाय धू, आणि आडवा होण्याआधी हरिपाठाचा एक अभंग म्हण."

त्याने विचारले, "आणि पिऊन आलो तर?"

आम्ही क्षणभर थांबलो. मग म्हणालो, "तरी म्हण."

दारू एका दिवसात सुटली नाही. डॉक्टरांचे औषधही घ्यावे लागले, आणि ते घ्यावेच. नामाचे आणि औषधाचे वैर नाही. मध्ये दोनदा घसरला. पण अभंग सुटला नाही. कार्तिकीपर्यंत एकाचे तीन झाले, आणि पुढच्या पाडव्यास तो देवळात येऊन मागे खांबापाशी बसला. माळ अजून देव्हाऱ्यातच आहे. आम्ही घाल म्हणत नाही. ज्या दिवशी तो आपण होऊन मागेल, त्या दिवशी घालू.

तेव्हा सज्जनहो, यंदा गुढी उभारून कडुलिंबाचे पान खाताना एकच नेम धरा, आणि तो धरण्यापूर्वी मनास विचारा, 'वाईट दिवशीही हे होईल ना?' होय म्हणाले तर धरा. नाही म्हणाले तर निम्मा करा. हे आम्ही तुम्हांस सांगतो तसे स्वतःसही सांगतो. कारण दुसऱ्यास नेम देताना हात आखडता घेणे, हाच आमचा यंदाचा नेम आहे.

रामकृष्ण हरी.