पैनगंगेचं पाणी निवळतं तेव्हा

(उमरखेड तालुक्यातलं पैनगंगाकाठचं एक गाव. पाऊस सरून ऑक्टोबर तापू लागलेला. नदीवर आयुष्य काढलेले भोई काका आणि प्राणिशास्त्र शिकणारी त्यांची पुतणी बोलताहेत.)

पुतणी : काका, हिमाचलात गळाला पिसांची माशी बांधून ट्राउट धरतात. आपल्याकडे जमेल का ते?

काका : ट्राउट इथं जगायचाच नाही, पोरी. त्याला डोंगरातलं गार पाणी लागतं. इंग्रजांनी तो काश्मिरात, हिमाचलात आणून सोडला. आपल्या नदीत मरळ, शिंगाळा, वाम, रोहू. पण पिसांची माशी म्हणजे पाण्यात पडलेल्या किड्याचं सोंग, आणि ते सोंग आपल्याकडेही चालतं. फक्त दिवस ओळखता आले पाहिजेत.

पुतणी : कोणते दिवस?

काका : हेच. सोयाबीन निघालं की धुऱ्यावरचे नाकतोडे नदीकाठच्या गवतात शिरतात. वारा सुटला की दोनचार पाण्यात पडतात, तडफडतात, अन् खालून मासा उसळतो. श्रावणात असा नाकतोडा टाकून पाहा, कोणी विचारणार नाही.

पुतणी : का बरं?

काका : तेव्हा पाणी काळ्या मातीनं गढूळ. माशाला दिसतच नाही, तो वासावर अन् मिशांवर चारा शोधतो. म्हणून पावसात गांडूळ. आता बघ, हात कोपरापर्यंत बुडव. बोटांची नखं दिसतात?

पुतणी : अंधुक दिसतात.

काका : मग बेस्ट. पाणी याहून स्वच्छ झालं की मासा तंगूसही बघतो अन् तुझी सावलीही. मग बारीक तंगूस घ्यायचा, उन्हाकडे पाठ करायची नाही, नाहीतर सावली पाण्यावर पडते, अन् काठावर पाय आपटायचे नाहीत.

पुतणी : दुपारी बसलं तर?

काका : ऑक्टोबरच्या दुपारी? उथळ पाणी तापतं, मासा डोहात उतरतो.

पुतणी : त्यात प्राणवायूचाही भाग असेल. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलीग्रॅम मावतो, तीस अंशांच्या पाण्यात साडेसात.

काका : म्हणूनच तापलेल्या दिवसांत मासे खळाळाच्या तोंडाशी येतात, तिथं पाणी दगडांवर फुटतं अन् हवा घेतं. मरळीचं मात्र वेगळं. ती वर येऊन हवा गिळते, म्हणून चिखलपाण्यातही तगते. शेवाळात पाण्याला एकदम वर्तुळ उठलं तर समजावं, मरळ श्वास घेऊन गेली.

पुतणी : आणि धरणात? इसापूर, अरुणावती, बेंबळा?

काका : धरणाचं गणित वाऱ्यावर. वाहत आलेले किडे ज्या काठाला लागतात, त्या काठाला बस. रात्री हवा गार होते तसं वरचं पाणी जड होऊन खाली बसतं, खालचं वर येतं. पहाटे मासा काठाजवळच्या बुडालेल्या बाभळींपाशी सापडतो. डिसेंबरात थंडी वाढली की रोहू-मृगळ सुस्तावतात, खाणं कमी करतात. म्हणून मधले हे काही आठवडेच खरे.

पुतणी : म्हणजे उद्याच सहस्रकुंडाच्या धबधब्याखाली जाऊ का? तिथं फेसच फेस असतो.

काका : नको. तिथला काळा खडक शेवाळानं निसरडा आहे. वर इसापूरचं धरण भरलेलं असतं, दरवाजे उघडले की पाणी बघता बघता चढतं. अन् पैनगंगा अभयारण्यात मासेमारी करायचीच नाही. तलावावर जायचं तर आधी मच्छीमार सहकारी संस्थेला विचार. पाण्याचा ठेका त्यांच्याकडे असतो, बीज त्यांनी सोडलेलं असतं.

पुतणी : मग गावच्या डोहावरच बसते.

काका : बस. अन् एक सांभाळ. काठाशी शेंदरी पिल्लांचा पुंजका पाण्यावर फिरताना दिसला, तर त्याच्या आसपास गळ टाकायचा नाही. ती मरळीची पिल्लं, अन् आईबाप खालीच राखणीला असतात. त्यांना ओढून काढलं की सगळा पुंजका दुसऱ्यांच्या तोंडी जातो. मी पुष्कळदा पाहिलंय ते, मन फार कळवळतं.

पुतणी : कळलं. पहाटे किती वाजता निघू?

काका : उजाडायच्या आत काठावर पोच. नाकतोडे मात्र आज संध्याकाळीच धरून ठेव, डबीत थोडं गवत घाल, झाकणाला भोकं पाड. मेलेला नाकतोडा हलत नाही, अन् न हलणाऱ्याला मासा भुलत नाही.