रुमाल आहे, वाचणारा हवा

मावशीची सगळी नोकरी शाळेत गेली. निवृत्त झाल्यावर ती मोडी लिपी शिकली आणि आता ओळखीपाळखीच्यांची जुनी खरेदीखतं, पत्रं, हिशेबाच्या याद्या वाचून देते. परवा कपाट आवरताना तिला शाळेच्या संगणक कक्षातला एक जुना पेनड्राइव्ह सापडला. भाची वेबसाइट बनवण्याचं काम करते. रविवारी ती जेवायला आली, तेव्हा हात धुवायच्या आधीच मावशीने पेनड्राइव्ह तिच्यापुढे ठेवला.

मावशी : यात चाळीसेक फायली आहेत बघ. ऑफ तासाला मुलं हेच खेळ खेळायची. नेट नसलं तरी चालायचे. आता एकही उघडत नाही. पेनड्राइव्ह खराब झालाय का गं?

भाची : पेनड्राइव्ह चांगला आहे आणि फायलीही धडधाकट आहेत. नावाच्या शेवटी एसडब्ल्यूएफ दिसतंय ना? या फ्लॅशच्या फायली. त्या वाचणाराच आता राहिला नाही.

मावशी : म्हणजे मोडीसारखंच झालं की. रुमाल सोडला तर आतला कागद जसाच्या तसा, शाईसुद्धा काळीभोर. पण घरात कुणाला वाचता येत नाही.

भाची : अगदी तसंच. ब्राउझरला मुळात पानावरचा मजकूर आणि चित्रं दाखवता यायची. हलतं चित्र, आवाज, कळ दाबली की उडी मारणारा माणूस, हे त्याच्या आवाक्याबाहेरचं होतं. त्यासाठी बाहेरून एक वाचक आणून बसवायचा, त्याला प्लगइन म्हणायचे. फ्लॅश प्लेअर हा त्यातला सगळ्यांत लोकप्रिय. १९९६ मध्ये मॅक्रोमीडिया कंपनीने एक छोटं ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर विकत घेतलं आणि त्याला फ्लॅश हे नाव दिलं. २००५ मध्ये मॅक्रोमीडियाच ॲडोबीकडे गेली.

मावशी : आमच्याकडे तेव्हा नेट गोगलगायीसारखं चालायचं. तरी हे खेळ पटकन उतरायचे, ते कसे?

भाची : फ्लॅश चित्रातला एकेक ठिपका साठवून ठेवत नव्हता. 'इथून तिथपर्यंत अशी वक्र रेषा काढ, आत लाल रंग भर' एवढीच सूचना तो लिहून ठेवायचा. रांगोळीचा फोटो पाठवण्याऐवजी ठिपके किती आणि रेषा कशा, ते चिठ्ठीवर लिहून पाठवावं, तसं. म्हणून अख्खा खेळ काहीशे किलोबाइटमध्ये मावायचा. शिवाय तो एकाच फाइलमध्ये असायचा, म्हणून तर तुझ्या मुलांना पेनड्राइव्हवर घेता आला.

मावशी : मग इतका चांगला वाचक घालवला कशाला?

भाची : कारणं खरी होती. फ्लॅशमध्ये सुरक्षेची भोकं सतत सापडायची आणि ती बुजवण्याचा अधिकार एकाच कंपनीकडे होता. त्यात फोन आले. आयफोनवर फ्लॅश कधी आलाच नाही. एप्रिल २०१० मध्ये ॲपलचे स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर पत्र लिहून कारणं सांगितली: बॅटरी खातो, सुरक्षित नाही, बोटाने चालवायला बनलेला नाही आणि तो एकाच कंपनीच्या मालकीचा आहे. तोवर ब्राउझर स्वतःच चित्र, आवाज, हालचाल शिकत होते. जुलै २०१७ मध्ये ॲडोबीने सांगितलं की, २०२० संपलं की फ्लॅश संपला. नुसती दुरुस्ती थांबली असती तर जुना प्लेअर कुठेतरी चालत राहिला असता. पण प्लेअरच्या आतच तारीख घातलेली होती. १२ जानेवारी २०२१ पासून तो खेळ उघडायलाच नकार देऊ लागला.

मावशी : आणि ज्यांनी हे खेळ केले त्यांचं काय?

भाची : बहुतेक जण एकटेदुकटे, विद्यार्थी, हौशी लोक. याकुब द्वोर्स्की हा प्रागच्या कला अकादमीतला विद्यार्थी. २००३ मध्ये त्याने अभ्यासक्रमाचा प्रकल्प म्हणून 'सामोरोस्ट' केला. शेवाळलेल्या ओंडक्यांच्या छोट्या ग्रहांवर फिरणारा एक बुटका, आणि शब्द जवळपास नाहीतच. ॲडम सॉल्ट्समनचा 'कॅनाबाल्ट' २००९ चा. एकच बटण, आणि इमारतींच्या गच्च्यांवरून पळणारा माणूस. आज प्रत्येक फोनवर न संपणाऱ्या धावण्याचे खेळ असतात, त्या घराण्यातला हा एक पूर्वज. कुणाची परवानगी नको, दुकान नको. खेळ केला की वेबवर ठेवला.

मावशी : मला आधी वाटलं होतं, मुलांचे खेळ ते, त्यांच्यासाठी एवढा खटाटोप कशाला. पण मोडीतही बघ, सनदा लोक नीट जपतात. कुणाच्या लग्नाला किती गूळ लागला ती यादी मात्र रद्दीत जाते. माणसं कशी जगत होती ते त्या यादीतूनच कळतं. बरं, आता नवा वाचक मिळतो का?

भाची : मिळतो. त्याचं नाव 'रफल'. जगभरातल्या स्वयंसेवकांनी लिहिलेला, सगळ्यांना खुला असलेला एम्युलेटर. म्हणजे फ्लॅश प्लेअर जे करायचा, ते सगळं नव्याने करून दाखवणारा. तो 'रस्ट' या भाषेत लिहिला आहे आणि 'वेबअसेंब्ली'च्या मदतीने ब्राउझरमध्ये चालतो. वेबअसेंब्ली २०१७ पासून सगळ्या प्रमुख ब्राउझरमध्ये आहे. तिच्यातला प्रोग्रॅम कुंपणाच्या आत चालतो, तुझ्या संगणकात हवं तिथे शिरू शकत नाही. फ्लॅशचा जुना धोका असा टळतो. जुन्या वेबसाइट जपणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हने नोव्हेंबर २०२० मध्येच रफल वापरून जुने खेळ चालते करायला सुरुवात केली.

मावशी : आणि तो सगळं वाचतो?

भाची : सगळं नाही. फ्लॅशच्या आतली भाषा ॲक्शनस्क्रिप्ट. २००६ मध्ये तिची तिसरी आवृत्ती आली ती मुळापासून वेगळी होती. रफल जुने खेळ आधी वाचायला शिकला. नव्या धाटणीचे त्याला जड गेले, आता तेही बरेच जमतात.

मावशी : शिवकालीन मोडी आणि पेशवेकालीन मोडी! एक येते म्हणून दुसरी येईलच असं नसतं.

भाची : दुसरी वाट 'फ्लॅशपॉइंट'ची. हा प्रकल्प २०१८ मध्ये सुरू झाला आणि आज त्यात दोन लाखांहून जास्त खेळ आणि ॲनिमेशनं आहेत. तिथे जुना वाचकच सांभाळून ठेवलाय. गंमत अशी की, खूप खेळांना कुलूप असायचं. आपण अमुक वेबसाइटवर आहोत का, हे खेळ आधी तपासायचा. नसला तर चालायचा नाही. म्हणून फ्लॅशपॉइंट तुझ्याच संगणकात एक लटकी वेबसाइट उभी करतो. खेळाला वाटतं आपण आपल्याच घरी आहोत, आणि तो सुरू होतो.

मावशी : मग काळजीच मिटली. सगळे खेळ वाचले.

भाची : ज्यांचा सगळा जीव फाइलमध्ये होता ते वाचले, आणि तेही कुणीतरी जपले म्हणून. 'फार्मव्हिल' आठवतं? फेसबुकवर २००९ मध्ये आलं होतं, सगळे शेती करत होते.

मावशी : आमच्या स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत पिकं काढायचे लोक!

भाची : ते ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं. त्यातलं शेत, पिकं, शेजाऱ्याने दिलेली भेट, हे सगळं कंपनीच्या सर्व्हरवर होतं. तुझ्याकडे फ्लॅशची फाइल असली, रफल असला, तरी ती फाइल सर्व्हरला हाक मारणार आणि पलीकडून ओ येणार नाही. 'क्लब पेंग्विन' हा तसाच दुसरा खेळ तर २०१७ मध्येच बंद झाला होता. अशा खेळासाठी कंपनीला सर्व्हरचा प्रोग्रॅम खुला करावा लागतो, नाहीतर चाहत्यांना तो अंदाजाने पुन्हा लिहावा लागतो. आणि सर्व्हर परत उभा राहिला तरी तुझी शेजारीण त्यात परत येईलच असं नाही.

मावशी : अर्धाच पत्रव्यवहार सापडतो ना, तसं. उत्तरं आहेत, पण कशाची ते कळत नाही. पण आत्ताचे खेळ तर प्लगइनशिवाय चालतात. त्यांना तरी धोका नाही ना?

भाची : कमी आहे, पण आहे. ब्राउझरच्या स्वतःच्या भाषा खुल्या असतात, कुणा एका कंपनीच्या नसतात. त्या बदलताना जुनी पानं मोडू नयेत, याची काळजी घेतात. २०१८ मध्ये त्यांतल्याच जावास्क्रिप्टमध्ये एका नव्या सोयीला 'फ्लॅटन' नाव द्यायचं होतं. मूटूल्स नावाच्या जुन्या साधनावर उभ्या असलेल्या वेबसाइट त्याने मोडतात असं दिसलं, तेव्हा नाव बदलून 'फ्लॅट' केलं. जुन्या घरांना तडा नको म्हणून नव्याने वाट वाकडी केली.

मावशी : शहाणपणाचं आहे की.

भाची : पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये क्रोम ब्राउझरने आपोआप वाजणाऱ्या जाहिरातींना आळा घालायला आवाजाचा नियम बदलला. लोकांनी पानाला हात लावल्याशिवाय आवाज सुरू व्हायचा नाही. त्या नियमाने अनेक खेळ मुके झाले. खेळ करणाऱ्यांनी ओरड केली, म्हणून मे महिन्यात खेळांपुरता नियम मागे घेतला आणि काही महिन्यांनी सुधारून परत आणला. ज्यांचे कर्ते अजून जागे होते त्यांनी दुरुस्ती केली. सोडून दिलेल्या खेळांना ती कोण करणार? दुसरं उदाहरण वेगाचं. दर चित्राला दोन पावलं, असा हिशेब कुणी लिहून ठेवला. तेव्हाची स्क्रीन सेकंदाला साठदा बदलायची, नवी एकशेवीसदा बदलते. खेळातला माणूस दुप्पट वेगाने पळतो आणि खड्ड्यात पडतो. मोडलेलं काहीच नाही, तरी खेळता येत नाही.

मावशी : मग जपायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

भाची : करणाऱ्याने खेळ एकसंध ठेवावा, दहा ठिकाणांहून तुकडे आणू नयेत. आपण दमलो तर खेळाचा मूळ कोड खुला करावा. कंपनीने दार बंद करताना किल्ली कुणाला तरी द्यावी. आणि आपण... थांब, ही फाइल रफलमध्ये टाकून बघते.

(स्क्रीनवर हिरवं मैदान उमटतं. एक लाल गाडी उभी असते.)

मावशी : अगं, हीच! हिच्यासाठी मुलांचे नंबर लागायचे. पाचवीतला एक मुलगा डोळे मिटून हा उतार पार करायचा. वर्गात तोंडातून शब्द काढत नसे, पण या गाडीपाशी सगळे त्याला विचारायला यायचे.

भाची : मावशी, हे कुठल्याच फाइलमध्ये लिहिलेलं नाही. या फायलींची नावं बघ, 'गेम२', 'न्यू१'. फ्लॅशपॉइंटवर एखादा खेळ ठेवायचा तर त्याचं नाव, कर्ता, तो मूळ कुठे होता, हे सगळं शोधून भरावं लागतं.

मावशी : बिनतारखेचा, बिनगावाचा कागद हाती आला की मी काय करते माहितीये? आधी कुठे सापडला आणि कुणाच्या घरी होता, ते लिहून ठेवते. बाकीचं नंतर जुळतं.

तिने वही घेतली आणि पहिल्या ओळीत लिहिलं: 'फाइल गेम२. लाल गाडी. शाळेच्या संगणक कक्षातून. डावीकडचा बाण दाबला की मागे जाते.' मग भाचीला म्हणाली, "आता गेम३ उघड."